माप जुळलं, पण सील टिकेल का?

जेसीबीच्या सिलिंडरमधून तेल झिरपू लागलं की त्याच मापाचं सील किट आणून बसवतात. पण खरा प्रश्न मटेरियलचा. खनिज तेलाला नायट्राइल रबर पुरतं, साधारण 100 अंश सेल्सियसपर्यंत. त्यापुढे ते कडक होऊन तडकतं. तिथे महागडं व्हिटॉन रबर घ्यावं. सतत घासणाऱ्या रॉडला पॉलियुरेथेन उत्तम, मात्र गरम पाण्याशी त्याचं जमत नाही. ईपीडीएम रबर तर भलतंच लहरी: विमानांतल्या फॉस्फेट-एस्टर द्रवात मजेत टिकतं आणि साध्या खनिज तेलात फुगून निकामी होतं! दाब फार असेल तर सील फटीत पिळून निघतं, म्हणून पाठीशी टेफलॉनची बॅकअप रिंग हवी. रॉडच्या क्रोमवर ओरखडे असतील, तर आधी तेवढे दुरुस्त करून घ्या. नाहीतर नवं सीलही लवकरच कापलं जाईल.