रेशमाचीं दोन कुळें



देवघरांतला सोवळ्याचा मुकटा असो कीं लग्नांतली पैठणी असो, आपण दोहोंनाही 'रेशमी' म्हणतों आणि तेथेंच थांबतों. शाळेंत शिकवीत असतां मी मुलांस विचारीत असें, "रेशीम कोण देतो?" उत्तर ठरलेलें असे, "तुतीवरचा किडा." उत्तर चूक नव्हे, पण अपुरें आहे. किडा म्हणजे पतंगाची अळी. आणि रेशीम देणारे पतंग एका जातीचे तर नाहींतच, पण एका कुळाचेही नाहींत.

पहिलें कूळ बाँबिसिडी. तुतीचा पतंग, बाँबिक्स मोरी, या कुळांतला. लिनियसनें १७५८ सालीं त्याला हें नांव दिलें. हा आज रानांत कोठेंही आढळत नाहीं. पंख असून त्याला नीट उडतां येत नाहीं, आणि अळीला पालाही माणसानेंच घालावा लागतो. त्याचा रानटी भाऊबंद, बाँबिक्स मंदारिना, चीन, कोरिया व जपान येथें आहे. जपानांतील रानटी पतंगाच्या पेशींत गुणसूत्रांच्या २७ जोड्या असतात; चीनमधील रानटी पतंगांत व पाळीव पतंगांत २८. पाळीव पतंगाचें मूळ चीनमध्यें मानतात, त्याला हा एक आधार आहे.

दुसरें कूळ सॅटर्निडी. याच्या पुष्कळ पतंगांच्या पंखांवर डोळ्यासारखे ठिपके असतात. आपला टसर, अँथेरिया मायलिट्टा, याच कुळांतला. मध्य व पूर्व भारतांतील रानें हें त्याचें घर. आपल्याकडे भंडारा, चंद्रपूर व गडचिरोली या भागांत ऐन आणि अर्जुन या झाडांवर त्याच्या अळ्या उघड्यावर वाढतात, आणि पाखरांपासून त्यांची राखण करावी लागते. त्याचा कोसा बळकट देठानें फांदीला बांधलेला असतो. सोनेरी मुगा देणारा आसामचा पतंग टसरच्याच प्रजातींतला. त्याच प्रजातीचे इतर पतंग चीन, जपान आणि थेट उत्तर अमेरिकेंतही आहेत. एरंडावर पोसणारा एरी कुळानें यांचाच, पण प्रजातीनें निराळा. तो मात्र तुतीच्या पतंगाप्रमाणें घरांत पाळला जातो.

हें वर्गीकरण केवळ नांवांची यादी नव्हे. तुतीचा पतंग माणसाबरोबर देशोदेशीं गेला. जेथें तुती लावतां येते तेथें त्याला नेतां येतें. टसरचें तसें नाहीं. ऐन तोडून त्या जागीं तुती लावली, तर टसरच्या अळीला तो पाला चालावयाचा नाहीं. म्हणून विदर्भांतल्या कोसा पिकविणाऱ्या घरांची मिळकत अखेर रानांतल्या झाडांवर अवलंबून आहे. 'रेशीम वाढवा' असें कोणी म्हणालें, तर "कोणत्या पतंगाचें?" हा प्रश्न आधीं विचारावा.