नळी बारीक, पाणी निराळे

खडकवासल्याच्या केंद्रीय जल व विद्युत संशोधन केंद्रात धरणांच्या लहान प्रतिकृतींत पाणी सोडून मोठ्या धरणातील प्रवाह ताडतात. प्रमाणाचे गणित सांभाळले की आकार घटूनही पाण्याचे नियम टिकतात, असे आम्ही (विषय इतिहास असूनही) विद्यार्थ्यांना सांगत आलो. ते सरसकट खरे नाही.

नेहमीच्या नळीची त्रिज्या निम्मी केली, तर तेवढ्याच दाबाने सोळावा हिस्साच पाणी वाहते. भिंत त्याला अडवते. कार्बनची नॅनोनळी म्हणजे जणू ग्राफाइटच्या एका थराची सुरळी, केसाहून हजारो पट बारीक. तिची गुळगुळीत भिंत पाण्याला जवळजवळ धरतच नाही. २००६ साली अमेरिकेतील लिव्हरमोर प्रयोगशाळेत २ नॅनोमीटरहून अरुंद नळ्यांतून रूढ सूत्राच्या हजारपटीहून अधिक पाणी वाहिले. अतिअरुंद नळीत रेणू हायड्रोजन बंधांनी जोडलेले, एकामागे एक सरकतात. २०१६ साली मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या संशोधकांना तर १०० अंश सेल्सिअसच्या वरही नळीत पाणी घनरूप राहत असल्याचे आढळले.

नळ्यांच्या बाहेरून वाहणारे पाणीही स्वस्थ नसते. त्याने नळ्यांच्या जुडग्यात विद्युतदाब निर्माण होतो, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत २००३ साली दिसले.

खारे पाणी गोडे करणाऱ्या गाळणीसाठी या नळ्यांवर काम चालू आहे. मात्र असंख्य नळ्या मोठ्या पडद्यात सरळ उभ्या बसवणे अद्याप अवघडच आहे.