डावा पाय

ऑक्टोबर 2025 मध्ये स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस भारतात परत आली. 265 अश्वशक्ती, 370 न्यूटन-मीटर टॉर्क, देशभरासाठी मोजून 100 गाड्या. त्यातल्या एकीलाही क्लचचं पेडल नाही. 2017 मध्येच ते गेलं होतं, तरी कधीतरी परत येईल अशी आशा होती. ती या वेळी सुटली. 2004 च्या पहिल्या आरएसला पेडल होतं, 2011 च्या लॉरा आरएसलाही होतं. ती लॉरा शेंद्र्याच्या कारखान्यात जुळवलेली. माझ्याकडे तीच आहे, आणि नागपूरजवळच्या मौद्यात तिचा क्लच बसवणाऱ्या मिस्त्रींनी त्याच दिवाळीत दुकान बंद केलं.

अँबेसिडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या दिवसांवर लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही. त्या इंजिनांत क्लचला घाम फोडण्याइतकी ताकदच नव्हती. माझं दशक 2009 ते 2019. रांजणगावातून लिनिया टी-जेट आली, मग 2015 मध्ये 145 अश्वशक्तीची अबार्थ पुंटो आली. टर्बो गाडी मध्यमवर्गीय माणसाच्या अंगणात उभी राहू लागली. इंजिनाच्या संगणकातला नकाशा बदलला की ताकद एका दुपारीत वाढायची. क्लच मात्र तोच राहायचा.

माझ्या लॉरात कंपनीचा आकडा 160 अश्वशक्ती आणि 250 न्यूटन-मीटर. नकाशा बदलल्यावर टॉर्क 330 च्या घरात गेला. महिनाभरात भंडारा रोडवर चौथ्या गिअरमध्ये एक ट्रक ओलांडताना आरपीएमचा काटा सरकन वर गेला आणि वेग होता तिथंच राहिला. मागून जळक्या लायनिंगचा वास. क्लच स्लिप झाला होता.

मी शहरातल्या एका नावाजलेल्या दुकानात गेलो. त्यांनी सहा पाकळ्यांची सिरॅमिक प्लेट दाखवली, मधल्या स्प्रिंगा नसलेली, सोबत हलकं एकसंध फ्लायव्हील. ‘पाचशे न्यूटन-मीटर झेलेल,’ म्हणाले. मी गाडी कुठं चालवतो, हे कुणी विचारलं नाही. तेव्हा पारडीच्या उड्डाणपुलाचं काम चालू होतं. मौद्याहून नागपुरात शिरताना राख वाहणाऱ्या बल्कर-ट्रकांमागे अर्धा-अर्धा तास हाफ क्लचवर सरकावं लागे. सिरॅमिक एकतर धरते नाहीतर सोडते, मधलं तिला येत नाही. गाडी प्रत्येक वेळी गचके खात निघायची. न्यूट्रलला गिअरबॉक्स खडखडायचा, कारण इंजिनाची थरथर गिळणारं दुहेरी फ्लायव्हील काढून टाकलं होतं. गुडघा सुजला. त्या दुकानावरचा राग अजून गेलेला नाही. त्यांनी मला आकडा विकला.

शेवटी गाडी मौद्याच्या त्या मिस्त्रींकडे नेली. ते आयुष्यभर ट्रकांचे क्लच बसवत आलेले. माझी गाडी त्यांनी दहा पावलं चालवली आणि उतरले. “भाऊ, गाडी किती ओढते ते मंग सांगा. कुठी चालवता ते सांगा पहिले.”

मग त्यांनी खडूनं फरशीवर हिशोब मांडला. क्लच किती टॉर्क झेलेल हे चार गोष्टींवर ठरतं: घासणारे पृष्ठभाग किती, लायनिंगची पकड किती, प्रेशर प्लेटचा दाब किती, आणि मध्यापासून लायनिंगचं सरासरी अंतर किती. 228 मिलिमीटरची प्लेट धरा. बाजू दोन, पकड 0.3, दाब 6000 न्यूटन, अंतर साडेनऊ सेंटीमीटर. उत्तर 342. थंड असताना 330 निभतं. लायनिंग तापली आणि पकड 0.25 वर उतरली की उरतात 285, तिथं क्लच घसरतो. आता दाब 7500 करा. थंड 427, गरम 356. भागलं. कंपनीचीच सबंध गोल ऑरगॅनिक लायनिंग, कंपनीचंच दुहेरी फ्लायव्हील. बदल फक्त प्रेशर प्लेटमध्ये.

यापेक्षा जास्त दाब का नको, तेही त्यांनीच सांगितलं. प्रत्येक वेळी पेडल दाबलं की तो जोर रिलीज बेअरिंगमधून क्रँकशाफ्टच्या थ्रस्ट बेअरिंगवर जातो. विनाकारण जड क्लच इंजिनाचंच आयुष्य खातो. शिवाय गिअरबॉक्स खाली आलाच आहे तर मागचं ऑइल सील बदला, नाहीतर तेलाचा एक थेंब नव्या लायनिंगला पुरेसा आहे. आणि 800 किलोमीटर पाय आवरा, लायनिंग बसू द्या.

मी आवरला. कन्हानच्या पुलावरून मौदा ते नागपूर, सकाळ-संध्याकाळ, पूर्ण अॅक्सिलरेटर एकदाही न देता. धानाच्या हंगामात पोती लादलेल्या ट्रॅक्टरमागे पहिल्या गिअरमध्ये थांबत-निघत जाताना पेडल जवळजवळ कंपनीच्या गाडीइतकं मऊ लागायचं. तळव्याखाली प्लेट कुठं धरायला लागते ते केसाइतकं नेमकं कळायचं. 800 किलोमीटर भरल्यावर चौथ्या गिअरमध्ये मोकळ्या रस्त्यावर पूर्ण दाबलं. काटा आणि वेग एकत्र चढले.

आज तरुण पोरं सांगतात की ऑटोमॅटिक गाडी माझ्यापेक्षा लवकर गिअर बदलते. खरं आहे. नव्या आरएससारख्या गाड्यांतही क्लच आहेतच, एक सोडून दोन, पण त्यांच्याशी संगणक बोलतो, पाय नाही. त्या बिघडल्या की दुकानात मशीन जोडतात, कोड वाचतात, आख्खा भाग बदलतात. दहा पावलं चालवून कोणी उतरत नाही.

मिस्त्रींच्या शटरला आता मोबाइलच्या दुकानाची पाटी आहे. त्यांनी जाताना लॉरासाठी आणून ठेवलेला दुसरा सेट मला दिला: प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग, सील, तेलकट कागदात गुंडाळलेलं. तो माझ्या माळ्यावर आहे. सध्याचा क्लच अजून एक-दोन वर्षं जाईल.