नगरसेवकांविना नाशिक

लोकसभा मुदतीआधी विसर्जित करायला मंत्रिमंडळाचा सल्ला आणि राष्ट्रपतींचा आदेश लागतो. महापालिका राज्य सरकार बरखास्त करू शकतं, पण तिचं म्हणणं ऐकूनच. मग सहा महिन्यांत निवडणूक बंधनकारक.

नाशिकमध्ये बरखास्ती झालीच नव्हती. मार्च २०२२ मध्ये १२२ नगरसेवकांची मुदत संपली, ओबीसी आरक्षण आणि प्रभागरचनेच्या वादात निवडणूक अडकली, आयुक्तच प्रशासक झाले. एरवी आयुक्त अंदाजपत्रक मांडतात, स्थायी समिती तपासते, महासभा मंजूर करते. इथे मांडणारा आणि मंजूर करणारा एकच होता! घरपट्टी असो की खड्डे, जाब विचारायला सभागृहच नव्हतं, हे मला सर्वांत गंभीर वाटतं. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचा आदेश दिला. मतदान जानेवारी २०२६ मध्ये झालं.