माळ्याचे काम आणि घरातील गारवा

वसईच्या किनारपट्टीवरील निर्मळ, गास, भुईगाव, आगाशी आदी गावांतून उतरत्या छपरांची कौलारू घरे अद्यापि आढळतात. वसई-विरार शहर महानगरपालिका २००९ साली स्थापन झाली. परिसराचे नागरीकरण होत असतानाही अनेक कुटुंबांनी अशी घरे जतन केली आहेत. कुटुंब वाढले, मुलांच्या अभ्यासासाठी जागा अपुरी पडू लागली, की माळ्याकडे लक्ष जाते. कौले उतरवून पत्रे घालावेत व माळ्यावर राहती खोली करावी, असा विचार होतो. पावसापूर्वी काम उरकावे म्हणून ते बहुधा मार्च ते मे या महिन्यांत काढले जाते. छपराची निकड सर्वाधिक असते, नेमक्या त्याच दिवसांत घर उघडे पडते. वृद्ध, तान्ही मुले व आजारी माणसे यांना याचा त्रास सर्वांत अधिक होतो. योग्य नियोजन केल्यास हा त्रास पुष्कळसा टाळता येतो.

माळ्याचे कार्य

पश्चिम किनाऱ्यावर सर्वत्र दिसणाऱ्या मंगलोरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने १८६५ साली मंगलोर येथे काढला. ही कौले एकमेकांत अडकत असली तरी त्यांच्यामध्ये बारीक फटी राहतात. उन्हाने कौल तापते आणि ती उष्णता खाली फेकली जाते. माळ्याची लाकडी तक्तपोशी ही उष्णता वरच्या वर अडविते. तापलेली हवा आढ्याखाली साचते व कौलांच्या फटींतून आणि टोकाच्या भिंतींतील झरोक्यांतून बाहेर पडते. रिकामा दिसणारा माळा हे अशा रीतीने घराचे दुसरे छत्रच होय. दुरुस्तीच्या काळात हे छत्र नाहीसे होऊ न देणे, हे गारवा राखण्याचे मुख्य सूत्र आहे.

दमट हवेची अडचण

विदर्भात वाळ्याचे ताटे किंवा कूलर उत्तम गारवा देतात, कारण तेथील उन्हाळी हवा कोरडी असते व पाण्याची वाफ लवकर होते. वसईच्या हवेत मुळातच बाष्प भरपूर असते. तेथे पाणी शिंपडून विशेष लाभ होत नाही. अंगावरचा घामही लवकर वाळत नाही. उष्णतेच्या लाटेचा विचार करताना भारतीय हवामानशास्त्र विभाग मैदानी प्रदेशासाठी किमान ४० अंश, तर किनारपट्टीसाठी ३७ अंश सेल्सिअस कमाल तापमान धरतो, हे येथे ध्यानी घ्यावे. मार्च-एप्रिलमध्ये काही दिवस पूर्वेकडून तप्त वारे वाहतात आणि समुद्रावरील वारा उशिरा सुटतो. ते दिवस विशेष त्रासाचे असतात. म्हणून या भागात सावली आणि खेळती हवा यांवरच भर दिला पाहिजे.

कामाचा क्रम

शक्य असल्यास हे काम डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात करावे. हवा सौम्य असते व पावसाचे भय फारसे नसते. उन्हाळ्यातच करणे भाग पडल्यास पुढील काळजी घ्यावी.

एका वेळी छपराचे एकच पाखे उघडावे. ते झाकल्यावर दुसऱ्यास हात लावावा. उघड्या भागावर बांबूंच्या आधाराने झावळ्यांचे झाप किंवा ताडपत्री घालावी. ताडपत्री वाशांवर चिकटवून न घालता हातभर उंच बांधावी व कडा मोकळ्या ठेवाव्यात, म्हणजे खालून वारा वाहील. नवे छप्पर पूर्ण होईपर्यंत तक्तपोशी काढू नये. फळ्या बदलावयाच्या असल्यास एकेक खण घेऊन बदलाव्यात.

माळ्याच्या जिन्याची झडप दिवसा बंद ठेवावी, म्हणजे धूळ व ऊष्मा खाली उतरणार नाही. रात्री बाहेरची हवा निवल्यावर ती उघडावी, म्हणजे घरातील उष्ण हवा वर निघून जाईल. झोपण्याची व्यवस्था ओटीवर किंवा पडवीत करावी. छपरावरील मजुरांचे काम सकाळी लवकर सुरू करून भर दुपारी थांबवावे. पिण्याचे पाणी व सावली हाताशी असावी. जुने अॅसबेस्टॉसचे पत्रे असल्यास ते करवतीने कापू अथवा फोडू नयेत. ओले करून अखंड उतरवावेत, कारण त्यांची धूळ फुप्फुसांस घातक असते.

नवे छप्पर घालताना

लोखंडी पत्रा पातळ असल्याने तत्काळ तापतो व त्याला कौलांसारख्या फटी नसतात. पत्राच घालावयाचा असल्यास तो पांढरा वा फिकट रंगाचा निवडावा. त्याखाली चार बोटे हवेची पोकळी सोडून छत करावे. वळचणीशी व आढ्याजवळ जाळी लावलेली हवेची वाट ठेवावी. माळ्यावर राहती खोली केल्यास तक्तपोशीचे काम या नव्या छतालाच करावे लागते. ते वगळल्यास खोली दुपारी वापरण्याजोगी राहत नाही. उतरविलेली चांगली कौले निवडून ठेवल्यास ती पुन्हा वापरता येतात. छपराची उंची वाढविण्यापूर्वी स्थानिक प्राधिकरणाची परवानगी घेणे आवश्यक आहे.

छपराला पांढरा लेप देण्याचा उपाय अल्पखर्चाचा आहे. अहमदाबादने २०१३ साली उष्णता कृती आराखडा तयार केला व पुढे तेथे वस्त्यांतील छपरे पांढरी करण्याचे काम झाले. तेलंगणाने २०२३ साली शीत छपरांचे स्वतंत्र धोरण जाहीर केले. कोकणातील पावसात लेपावर शेवाळ धरते, म्हणून दर वर्षी पावसाळ्यानंतर छप्पर घासून लेप ताजा करावा लागतो.

शाळेच्या खोल्या, अंगणवाड्या व ग्रामपंचायतीच्या इमारती यांवर पत्रे असतील, तर हेच उपाय तेथेही लागू पडतात. दुरुस्तीचे अंदाजपत्रक करताना छत, हवेची वाट आणि पांढरा लेप या तीन बाबी त्यात आरंभीच धराव्यात. काम पूर्ण झाल्यावर त्यांची भर घालणे अधिक खर्चाचे होते आणि तोवर एक उन्हाळा मुलांना तापल्या पत्र्याखाली काढावा लागतो.