आधार प्रमाणीकरणातील त्रुटी

आधार प्रमाणीकरणातील त्रुटी म्हणजे आधार क्रमांक आणि त्यासोबत दिलेली ओळखमाहिती (बोटाचा ठसा, डोळ्यातील बुबुळ, चेहरा किंवा ओटीपी) यांची केंद्रीय सर्व्हरवरील नोंदीशी पडताळणी होऊ न शकल्याने मिळणारे नकारात्मक किंवा अपूर्ण उत्तर होय. महाराष्ट्रात अशा त्रुटी मुख्यतः रास्त भाव दुकानांतील ई-पॉस यंत्रांवर व बँक प्रतिनिधींकडील व्यवहारांत अनुभवास येतात. ‘अंगठा येत नाही’ आणि ‘सर्व्हर डाऊन आहे’ ही त्यांची बोलीभाषेतील दोन रूपे. ही दोन्ही वाक्ये पूर्णपणे वेगळे दोष दर्शवतात आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत.

## पार्श्वभूमी

भारतीय विशिष्ट ओळख प्राधिकरणाची स्थापना २००९ साली झाली. देशातील पहिले आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातील नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या गावी वितरित करण्यात आले. २०१६ च्या आधार अधिनियमाने या व्यवस्थेस वैधानिक आधार मिळाला. अधिनियमाच्या कलम ७ नुसार सरकारी निधीतून दिल्या जाणाऱ्या लाभांसाठी आधार प्रमाणीकरण मागता येते. राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम, २०१३ अंतर्गत मिळणारे धान्य हा त्यांपैकी सर्वाधिक लोकांशी संबंधित असलेला लाभ आहे.

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. हिंगोली, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ व वसमत हे त्याचे पाच तालुके आहेत. जिल्ह्याची अर्थव्यवस्था शेतीप्रधान असून हळद, सोयाबीन व कापूस ही प्रमुख पिके आहेत. हळदीची काढणी, ऊसतोड व बांधकाम यांसारख्या हातांच्या कामांमुळे बोटांवरील रेषा झिजतात. त्यामुळे अशा भागात ठसा न जुळण्याचा प्रश्न तांत्रिक असण्याबरोबरच सामाजिकही ठरतो.

## प्रमाणीकरणाची प्रक्रिया

लाभार्थ्याने बोट ठेवताच यंत्र ठशाची माहिती टिपते, तिच्यावर त्या क्षणाची तारीख व वेळ नोंदवते आणि ती कूटबद्ध करते. कूटबद्ध माहिती संबंधित विभागाच्या सर्व्हरकडे जाते. तो विभाग विनंतीवर डिजिटल स्वाक्षरी करतो आणि अधिकृत मध्यस्थ संस्थेच्या जाळ्यातून ती प्राधिकरणाच्या केंद्रीय माहितीसाठ्याकडे पोहोचते. तेथे ठशाची तुलना देशातील सर्व नोंदींशी होत नाही, तर केवळ दिलेल्या आधार क्रमांकाच्या नोंदीशी होते. उत्तर ‘होय’ किंवा ‘नाही’ असे येते आणि ‘नाही’ असल्यास त्यासोबत एक त्रुटी संकेतांक असतो.

या साखळीतील कोणताही दुवा निखळला, तरी दुकानातील माणसाला परिणाम एकच दिसतो, तो म्हणजे धान्य मिळत नाही.

## त्रुटींचे प्रकार

ओळख न जुळणे
* ३०० : बोटाचा ठसा किंवा अन्य जैविक माहिती जुळली नाही.
* ४०० : ओटीपी चुकीचा आहे किंवा त्याची मुदत संपली आहे.
* १०० : नाव, जन्मतारीख यांसारखी वैयक्तिक माहिती जुळली नाही.

नोंदीशी संबंधित
* ३३० : धारकाने स्वतःच जैविक माहिती कुलूपबंद केली आहे.
* ८११ : केंद्रीय नोंदीत जैविक माहितीच उपलब्ध नाही.
* ९९६ व ९९७ : आधार अनुक्रमे रद्द किंवा निलंबित झालेले आहे.
* ९९८ : आधार क्रमांक चुकीचा आहे किंवा साठ्यात आढळत नाही.

विनंतीशी संबंधित
* ५६१ : विनंतीवरील वेळ फार जुनी आहे.
* ५६२ : विनंतीवरील वेळ सर्व्हरच्या वेळेपेक्षा पुढची आहे.
* ५६३ : तीच विनंती पुन्हा पाठवली गेली.
* ५६९ : डिजिटल स्वाक्षरीची पडताळणी झाली नाही.

पहिल्या दोन गटांतील दोष लाभार्थ्याच्या ठशाशी, त्याने दिलेल्या माहितीशी किंवा नोंदीशी निगडित असतात. तिसऱ्या गटाशी लाभार्थ्याचा काहीही संबंध नसतो. उदाहरणार्थ, यंत्राचे घड्याळ मागे पडले असल्यास अचूक ठसा देणाऱ्यासही ५६१ हे उत्तर मिळते. जुनी टिपलेली विनंती चोरून पुन्हा वापरता येऊ नये, यासाठी ही वेळेची अट ठेवलेली आहे. संकेतांकच न येता यंत्र थांबून राहिल्यास विनंती सर्व्हरपर्यंत पोहोचलेली नाही किंवा उत्तर परत आलेले नाही, असे समजावे.

## दोषनिदान

निदानाचा पहिला प्रश्न ‘कोणाकोणाला अडचण येते?’ हा आहे.

* एकाच व्यक्तीस अडचण येत असल्यास दोष ठशात किंवा नोंदीत शोधावा. बोट धुऊन व पुसून दुसऱ्या बोटाने प्रयत्न करावा. कोरड्या त्वचेस किंचित ओलावा उपयोगी पडतो. आधार क्रमांकाचा शेवटचा अंक हा तपासणी अंक असल्याने टंकलेखनातील बहुतेक चुका यंत्रावरच लक्षात येतात.
* एका दुकानातील सर्वांस अडचण येत असल्यास ठसा टिपणाऱ्या काचेची स्वच्छता, यंत्राची तारीख व वेळ, सिमकार्ड आणि मोबाइल नेटवर्क या क्रमाने तपासावे.
* अनेक गावांत एकाच वेळी अडचण येत असल्यास दोष विभागाच्या किंवा केंद्रीय सर्व्हरकडे असतो. अशा वेळी वारंवार बोट ठेवून काहीही साध्य होत नाही.

धारकास प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर आपल्या आधारचा मागील सहा महिन्यांतील प्रमाणीकरण इतिहास पाहता येतो. त्यात दिनांक, वेळ, प्रकार व त्रुटी संकेतांक असतात. दुकानात तोंडी सांगितलेले कारण आणि प्रत्यक्ष कारण यांतील फरक त्यातून समजतो. त्या दिवसाची नोंदच नसेल, तर विनंती केंद्रीय सर्व्हरपर्यंत गेलीच नव्हती, असा निष्कर्ष काढता येतो.

ठसे वारंवार न जुळल्यास आधार केंद्रावर जैविक माहिती अद्ययावत करणे हा स्थायी उपाय आहे. मुलांच्या बाबतीत वयाच्या ५ व १५ वर्षांनंतर असे अद्ययावतीकरण आवश्यक असते. प्राधिकरणाचा मदत क्रमांक १९४७ हा आहे.

## लाभार्थ्यांचे अधिकार

प्रमाणीकरण अयशस्वी होणे म्हणजे व्यक्ती अपात्र ठरणे नव्हे. प्राधिकरणाच्या २४ ऑक्टोबर २०१७ च्या परिपत्रकानुसार ठसा न जुळणे, नेटवर्क नसणे अशा कारणांवरून पात्र व्यक्तीस लाभ नाकारता येत नाही. अशा वेळी अन्य मार्गाने ओळख पटवून त्याची नोंद अपवाद नोंदवहीत करणे अपेक्षित आहे. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात कलम ७ वैध ठरवले, मात्र प्रमाणीकरणातील अपयशामुळे गरजूंना वंचित ठेवले जाऊ नये, या मुद्द्याचीही दखल घेतली.

व्यवहारात दोषाचे नेमके स्वरूप लेखी नोंदवले न गेल्यास या तरतुदीचा उपयोग करणे अवघड होते. म्हणून संकेतांक, दिनांक व वेळ यांची नोंद ठेवणे तक्रारीसाठी महत्त्वाचे ठरते. शिधावाटपाविषयीची तक्रार तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेकडे करता येते.

## हे सुद्धा पहा

* सार्वजनिक वितरण व्यवस्था
* शिधापत्रिका
* हिंगोली जिल्हा