गाडी पाणी खाते तेव्हा

सकाळी ७. वाईत थंडी आहे आणि आज ती माझ्या कामाची आहे. मॅडमना काल रात्रीच गाडी गॅरेजात लावून जायला सांगितलं होतं, कारण इंजिन पार गार हवं होतं. त्या रोज पसरणी घाट चढून पाचगणीला शाळेत शिकवायला जातात. आठ-दहा दिवस झाले की कूलंटच्या बाटलीतली पातळी खालच्या खुणेखाली जाते, त्या पाणी ओततात, पुन्हा तेच. जमिनीवर थेंब नाही, सायलेन्सरला पांढरा धूर नाही. एका गॅरेजवाल्याने नुसतं बॉनेट उघडून सांगून टाकलं, "हेड गॅस्केट गेलंय, इंजिन खोलावं लागेल." हेड उतरवा, फेसिंगला पाठवा, सगळं हजारोंच्या घरातलं काम. पुराव्याशिवाय कुणाच्या गाडीचं हेड उघडायला माझा ठाम विरोध आहे.

साडेसात. आधी सगळ्यात स्वस्त वस्तू तपासायची, रेडिएटरची कॅप. तिच्यावर ०.९ लिहिलंय, म्हणजे ०.९ बार, आमच्या भाषेत १३ पौंड. टेस्टरवर तिने तेवढा दाब धरला. मग हातपंप रेडिएटरच्या तोंडाला लावून तेवढाच दाब भरला आणि काट्याकडे बघत बसलो. अर्ध्या तासात काटा ०.७ वर आला. गळती आहे, हे नक्की झालं. होजपाइपांचे सांधे बोटांनी चाचपले, रेडिएटरची प्लॅस्टिकची टाकी जिथे अॅल्युमिनियमला जोडलेली असते ती कड बघितली, पुढच्या डाव्या सीटखालचं कार्पेट उचललं. हीटरची जाळी गळत असेल तर तिथे ओल येते आणि काचेवर चिकट वाफ धरते. सगळं कोरडं. डिपस्टिकवरचं ऑइलही स्वच्छ, दुधाळ अजिबात नाही.

नऊ. इंजिन सुरू केलं. रेडिएटरच्या तोंडावर निळ्या द्रवाची नळी धरली आणि रबरी फुग्याने आतली हवा त्यातून ओढत राहिलो. सिलिंडरमधला जळका वायू पाण्यात शिरत असेल तर हा द्रव पिवळा पडतो. तो निळाच राहिला. मॅडमना फोन केला. "हेडचं काही दिसत नाही, पण घाट चढवून परत बघतो." त्या म्हणाल्या, "दादा, सावकाश बघा, पण नीट बघा."

दहा ते अकरा एका टेम्पोच्या ब्रेकमध्ये गेले.

सव्वाअकरा. कूलंटमध्ये चमकणारा रंग टाकला आणि गाडी घाटात काढली. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंच. तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. बंद रेडिएटरमध्ये दाब असतो म्हणून ते ११५ च्याही पुढे तग धरतं. दाब गेला की चढावरच गाडी उकळणार, म्हणून घाटात रोज गाडी चालवणाऱ्याने ही गळती अंगावर काढू नये. वर पोचल्यावर इंजिन निवू दिलं, मग ते सुरू करून निळा द्रव पुन्हा लावला. निळाच.

एक. जेवण. इंजिन गार होईपर्यंत कॅपला हात लावायचा नाही, हे हाताखालच्या पोराला रोज सांगतो. गरम कॅप उघडली की उकळतं कूलंट तोंडावर येतं.

तीन. शटर ओढून अंधार केला, पिवळा चष्मा लावला, जांभळा दिवा आणि दांडीचा आरसा घेतला. वॉटर पंपाच्या पुलीमागे पोपटी रेघ चमकली. साध्या दिव्यात बघितलं तर तिथेच गुलाबीसर, मिठासारखी खपली. पंपाच्या सील आणि बेअरिंगच्या मध्ये कंपनीनेच एक बारीक भोक ठेवलेलं असतं, सील झिजली की पाणी बेअरिंगमध्ये न जाता तिथून बाहेर यावं म्हणून. थेंब तिथूनच येत होता. गाडी चालू असताना पुली तो उडवत होती, उरलेला गरम ब्लॉकवर वाळत होता, मग जमिनीवर काय दिसणार! पुली हलवून बघितली तर किंचित खेळ लागला.

पाच. पंप आणि गॅस्केट साताऱ्याहून वडापने आले. तोवर जुनं कूलंट कॅनमध्ये काढलं. मॅडम बोअरचं पाणी ओतत होत्या, त्याचा पांढरा क्षार पंपाच्या तोंडाशी बसला होता. असा क्षार सीलला घासतो, आणि पाण्याने पातळ झालेलं कूलंट गंजही आवरू शकत नाही. जुनं कूलंट गटारात सोडायचं नाही. ते चवीला गोड असतं, कुत्री-मांजरं चाटतात आणि मूत्रपिंड निकामी होऊन मरतात. शिवाय आमची गटारं कृष्णेकडेच जातात.

गॅस्केटची जुनी पापडी खरवडायला मी लोखंडी पटाशी वापरत नाही, अॅल्युमिनियमवर एक ओरखडा पडला तरी नवा पंप तिथून गळतो. बोल्ट समोरासमोर, टॉर्क पान्याने आवळले. अर्धं कूलंट, अर्धं डिस्टिल्ड वॉटर भरलं, हीटर पूर्ण गरमवर ठेवून पंखा दोनदा लागेपर्यंत इंजिन चालवलं, म्हणजे आत अडकलेली हवा निघते.

पावणेनऊ. इंजिन निवल्यावर परत हातपंप. अर्धा तास काटा ०.९ वरून हलला नाही. मॅडम आल्या, त्यांच्या हातात जुना पंप दिला, भोक आणि खपली दाखवली. बाटलीवर मार्करने आजच्या पातळीची रेघ मारली. दर सोमवारी सकाळी गाडी सुरू करण्याआधी रेघ बघा, आणि पातळी खाली दिसली तर पाणी न ओतता मला फोन करा, असं सांगून किल्ली दिली.